हेमराजच्या नावाची सव्वा मूठ

कानबाई देवीच्या रोटाचे गहू मोजायचे त्या दुपारी फत्तेसिंगच्या घरात कोणी आवाज चढवत नसे. दरवर्षी तर मांजरसुद्धा दबकून चालायचं. पण या श्रावणात सकाळपासून नुसता कलकलाट. नंदुरबारची गजाला डॉक्टरीण येणार होती. रविनाला वाचवणारी.

"तिले खुर्ची ठेवा रे. सतरंजीवर बठाडशात का?" फत्तेसिंगची बायको रमीबाई ओरडली.

"खुर्ची मोडेल शे, बोय," नात रविना म्हणाली.

"मंग शेजारथीन आण. डॉक्टरीण पडनी तर तुले गोळ्या कोन देई?"

रविना हसली आणि परत सुपातल्या गव्हाकडे वळली. तिची काकू भुरीबाई तिच्या बोटांकडेच बघत होती. खडा दिसला की पोर चिमटीत अचूक उचलायची. मागच्या श्रावणात हीच बोटं पाण्याचा पेला धरू शकत नव्हती. डोळे हळदीत बुडवल्यासारखे, पोट ढोलकीसारखं तट्ट, आणि हात असे कापायचे की शाळेच्या पेपरावर तिला स्वतःचं नाव लिहिता आलं नव्हतं. आधी नंदुरबार, मग पुणे. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात यकृतावर संशोधन करणारं एक पथक होतं, त्यात ही मूळची नंदुरबारची गजाला. तिनंच दिव्याखाली रविनाच्या डोळ्यात बघितलं आणि म्हणाली, "थांबा. हिला नुसती कावीळ नाही."

पोर वाचली. भुरीबाईला आनंद होता, खरा होता. पण आनंदाच्या खाली एक काटा होता, आणि तो आज सकाळपासून जास्तच टोचत होता.

भुरीबाई या घरातली थोरली सून. नवरा हेमराज जाऊन चौदा वर्षं झाली. सारंगखेड्यापासून इथपर्यंत कोणालाही विचारा, हेमराज कशानं मेला. सगळे अंगठा तोंडाकडे नेतील. दारूनं.

मोटारसायकल दारात थांबली. धाकटा दीर रूपसिंग पुढे, मागे गजाला. ओढणी डोक्यावरून घसरलेली, पाठीला बॅग, सँडल चिखलात. रविनाची आई रंजना धावत गेली आणि काही कळायच्या आत तिच्या पाया पडली.

"अहो, हे काय! उठा. वयानं मोठ्या आहात तुम्ही."

"वयनं मोठी शे, पन पोर तुम्ही दिन्ही."

"मी नाही दिली. गोळ्या देतात. आणि गोळ्या हिनं चुकवल्या तर मी परत येऊन हिचे कान ओढणार. सकाळची उपाशीपोटी घेतलीस का?"

"घेतली, मॅडम. नंतर तासभर काहीच खाल्लं नाही. बोयनं लाडू पुढे केला तरी नाही."

"मन्हा लाडू वाया गया," रमीबाई कुरकुरली, पण तोंड भरून हसत होती.

करणसिंगनं शेजारची खुर्ची आणून ठेवली. हा भुरीबाईचा एकुलता एक, एकोणीस वर्षांचा, ट्रॅक्टर चालवतो. खुर्ची ठेवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. चार माणसांत बसायची त्याला सवयच नाही. लहानपणी पोरं त्याच्या मागून झोकांड्या खात चालायची, त्याच्या बापाची नक्कल करत. तेव्हापासून तो भिंतीला पाठ लावूनच उभा राहतो.

फत्तेसिंग ओसरीवरून आत आला. पंचाहत्तरी उलटली, पण मिशी अजून ताठ. त्यानं गजालाला हात जोडले.

"बाई, तुमना उपकार शे आम्हावर. बोला, काय काम काढं?"

"दोन कामं, आबा. एक तर रविनाला बघायचं होतं. दुसरं, आमच्या अभ्यासासाठी तुमच्या घराण्याची वंशावळ पाहिजे. कोण कोणाचा, कोण कशानं गेलं. हे दुखणं रक्तातून येतं. आई-बाप दोघांकडून एकेक दोष आला की मुलाला होतं."

ते ऐकून रमीबाईनं पदर तोंडाला लावला. रंजना तिच्या सख्ख्या भावाची पोरगी. मामाची पोरगी करायची रीत, म्हणून तिनंच हट्टानं रूपसिंगसाठी आणलेली. पुण्याहून ही गोष्ट कळली तेव्हापासून म्हातारी मधूनच रंजनाकडे बघायची आणि काही न बोलता तिच्या ताटात तूप जास्त वाढायची.

"वंशावळ ना?" फत्तेसिंग म्हणाला. "मंग टायमावर उन्यात तुम्ही. आते तेच मोजनं शे."

रोटाचे गहू म्हणजे काय ते रंजनानं डॉक्टरणीला सांगितलं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. घरातला कर्ता मूठ टाकतो, नाव घेतो. तेच दळायचं, त्याचाच रोट करायचा, आणि तो खायचा फक्त भाऊबंदांनी.

"म्हणजे मला नाही मिळणार?"

"तुमले पुरणपोळी शे, गंगाफळनी भाजी शे. पोट फुटी तवपर्यंत खा."

सगळे हसले. गजालानं वही उघडली, पेन्सिल काढली. फत्तेसिंग मांडी घालून बसला. पुढे कोरं कापड. त्यानं डोळे मिटले, कानबाईचं नाव घेतलं आणि गव्हात हात घातला.

"फत्तेसिंग." मूठ पडली, वर पाव.

गजालानं एक चौकोन काढला. "पुरुष म्हणजे चौकोन. बायका म्हणजे गोल."

"आम्हाला मूठ नाही, पण गोल तरी मिळाला," रविना म्हणाली.

"रूपसिंग." मूठ, पाव. चौकोन.

"करणसिंग." मूठ, पाव.

भुरीबाई दरवर्षी नावं मनात मोजायची. रूपसिंगच्या आधी एक जागा होती. थोरल्याची. चौदा वर्षं आबांचा हात तिथून पाणी वाहावं तसा सहज पुढे जायचा.

"थांबा, आबा," गजाला म्हणाली. "करणसिंग भुरीताईंचा. हा रूपसिंगभाऊंचा नाही ना? ह्याच्या वर चौकोन पाहिजे."

गव्हातला हात तसाच राहिला.

"मोठा व्हता एक," फत्तेसिंग म्हणाला. "हेमराज. गया. आनि गेल्यानी मूठ टाकतस नही, अशी रीत शे."

"कशानं गेले?"

"पुन्याले सांगेल शे ना रूपसिंगनी."

"हो. दारूनं यकृत गेलं, असं मीच लिहून घेतलं होतं." गजालानं बॅगेतून कागद काढले. "म्हणूनच आले मी. तुम्ही सगळ्यांनी रक्त दिलं होतं, त्याचे रिपोर्ट आलेत. घाबरू नका, कोणी आजारी नाही. पण करणसिंगच्या रक्तात रविनासारखाच दोष आहे. एकच आहे, अर्धा. त्याला काही होणार नाही. भुरीताईंच्या रक्तात तो नाही. म्हणजे बापाकडून आला. मग मला वाटलं, बापाचं नीट विचारलंच नाही आपण."

करणसिंग भिंतीपासून एक पाऊल पुढे आला.

"ते कसे दिसायचे शेवटी, सांगाल का कोणी? रविनाला जसं झालं तसं काही?"

"काय सांगू, बाई," फत्तेसिंगचा आवाज चढला. "सकायपासून झोकांड्या. हात कापेत. जीभ जड. लाळ गये. भर बजारमा पडना व्हता तो. मन्ही मान खाली गयी. तो दारूड्या व्हता!"

"वास यायचा?"

प्रश्न साधा होता. पण त्या घरात तो कधीच कोणी विचारला नव्हता.

"नव्हता येत," भुरीबाई म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. भुरीबाई चार माणसांत बोलत नसे. तिलाही आपला आवाज अनोळखी वाटला.

"रोज रातले मी त्यासना तोंडना वास लिधा. कधीच नही उना. तरी मी चाऱ्यामा बाटली धुंडी. उतरंडमा धुंडी. गोठामा धुंडी. भेटनी नही तर म्हणू, कितला चालाक शे हा मानूस. वास बी लपाडस."

ती उठली. आतल्या खोलीत तिची लग्नातली पेटी होती. तळाशी हेमराजचा लग्नातला फेटा, आणि फेट्याच्या घडीत एक कागद. चौदा वर्षांत तिनं तो किती वेळा काढला आणि परत ठेवला, तिलाच माहीत. वाचता येत नव्हता, पण तो हेमराजच्या हातानं घरी आलेला शेवटचा कागद होता.

"शहादाले डोयासना शिबिर व्हतं. चष्मा भेटी म्हणून गया व्हता. तठला डॉक्टरनी लिखी दिन्हं."

गजालानं कागद उजेडात धरला. एकदा वाचला. मग खुर्चीवरून उठली आणि खाली, भुरीबाईशेजारी सतरंजीवर येऊन बसली.

"हा कोणी वाचला होता?"

"मी." रूपसिंग म्हणाला. "मी तवय कॉलेजले व्हतू. आबांनी माले वाचाले दिन्हा. अक्षर लागे ना. 'लिव्हर' इतलाच शब्द लागना. मी सांगं, लिव्हर लिखेल शे. आबा म्हणे, लिव्हर म्हणजे दारूच, फेकी दे. वहिनीनी उचली लिन्हा."

"पुढे काय लिहिलंय सांगू? 'दोन्ही बुबुळांच्या कडेला तपकिरी सोनेरी कडं. यकृताची तपासणी तातडीनं करावी. मोठ्या दवाखान्यात दाखवावं.'"

रूपसिंग पुढे वाकून कागदावरची अक्षरं बघू लागला.

"रविनाच्या डोळ्यात मी हेच कडं बघितलं होतं," गजाला म्हणाली. "विल्सनचा आजार. अन्नातून आपल्या सगळ्यांच्या पोटात थोडं तांबं जातं. नको असलेलं यकृत बाहेर टाकतं. ह्या आजारात यकृताला ते टाकताच येत नाही. साचत जातं. आधी यकृतात, मग मेंदूत, डोळ्यात. मेंदूत गेलं की हात कापतात, जीभ जड होते, पाय अडखळतात. बघणाऱ्याला वाटतं, प्यालाय."

"तांबं?" रमीबाईनं विचारलं. "तांबं म्हणजे हंड्यानं तांबं?"

गजालाला रविनाच्या वेळची गोष्ट माहीत होती. म्हणून तिनं कागद आधी बाजूला ठेवला.

सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला तांब्याचा हंडा रमीबाईच्या घरची शान होती. तांब्यातलं शिळं पाणी काळजाला चांगलं, असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं. रविनाचं पोट फुगलं तसं ती रोज पहाटे पोरीला तांब्याभर पाजायची. पुण्याहून फोन आला, हंडा बंद करा. तेव्हापासून तो परसात पडला होता. आता त्यात कोंबडी अंडी घालते.

"हेमराजलेबी पाजं मी," रमीबाई म्हणाली. "सकाय-संध्याकाय. तो म्हणे, माय, नको. मी त्यानं नाक दाबी पाजं. मन्हाच हातनी... मन्हाच हातनी, बाई..."

"आजी, इकडं बघा. माझ्याकडं." गजालानं म्हातारीचे दोन्ही हात धरले. "हंड्यानं हा आजार होत नाही. तो जन्मापासून होता त्यांच्या रक्तात. ते पाणी नको होतं, हे खरं. पण ते पाजलं नसतं तरी औषधाशिवाय ते वाचले नसते. तुम्ही माया पाजत होता. तुम्हाला सांगणारं कोणी नव्हतं."

"रांडे, तू आते रडू नको!" फत्तेसिंग एकदम गरजला. मग त्यालाच कळलं की गरजायला आता काही उरलं नाही. त्यानं गजालाकडे बघितलं. "म्हणजे हेमराज दारू पेत नव्हता? नक्की?"

"आबा, माणूस गेलाय. त्यांचं रक्त नाही माझ्याकडं. पण हा डोळ्याचा कागद आहे, करणसिंगचा रिपोर्ट आहे, वास नव्हता म्हणून ताई सांगतायत. मी माझ्या वहीत लिहीन, 'बहुधा विल्सनचा आजार.'"

"बहुधा?" म्हातारा पेटला. "बहुधा काय? नक्की सांगा! मी गावले काय सांगू, बहुधा?"

भुरीबाई हसली. सासऱ्यासमोर ती पहिल्यांदाच हसली असेल, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

"आबा, चौदा वरीस तुम्ही 'नक्की' म्हणत व्हतात. माले ह्या बाईनं 'बहुधा' बस शे."

म्हातारा मिशी चावत गव्हाकडे वळला.

आणि मग करणसिंग बोलला. "मी सांगेन गावाला. मला नक्की आहे." एवढंच. भिंत सोडून तो सतरंजीवर येऊन बसला, आजीच्या बाजूला, मांडी घालून. रविनानं गुपचूप गहू निवडायला त्याच्याकडे सूप सरकवलं.

गजालानं वहीतली जुनी ओळ खोडली. 'काका, दारू' लिहिलेली. रूपसिंगच्या आधी तिनं एक चौकोन काढला आणि तो पेन्सिलीनं काळा भरला. त्यावर एक तिरपी रेघ मारली, म्हणजे माणूस गेलेला. करणसिंगचा चौकोन अर्धा भरला. रविनाचा गोल पूर्ण काळा.

"माझ्या गोलावर रेघ नाही," रविना म्हणाली.

"नाही. आणि मी असेपर्यंत मारू देणार नाही." गजालानं पेन्सिल खाली ठेवली. "एक सांगते. रविनाचं दुखणं आम्हाला ओळखता आलं, कारण तुमच्याआधी कितीतरी घरांनी आम्हाला रक्त दिलं, घरातली झाकलेली गोष्ट सांगितली. आता हेमराजभाऊही माझ्या वहीत आले. उद्या एखादा पोरगा झोकांडी खात आला, तर मी आधी त्याच्या डोळ्यात बघीन. मग तोंडाचा वास घेईन."

भुरीबाईनं त्या वहीकडे बघितलं. एवढासा चौकोन, नखाएवढा. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिच्या नवऱ्याला कोणी जागा दिली होती.

"बाई, तुमले देव भरी भरी देवो," ती म्हणाली. तिला आणखी बोलायचं होतं, पण तिनं डॉक्टरणीच्या पायावर वाळलेला चिखल बोटांनी काढायला सुरुवात केली. गजाला "अहो ताई, ताई" करत राहिली, पण पाय मागे घेतला नाही.

फत्तेसिंग अजून गव्हासमोर बसला होता.

भुरीबाईला माहीत होतं, त्याला काय दिसतंय. तिलाही तेच दिसत होतं. हेमराज जिवंत होता तो शेवटचा श्रावण. असंच कापड, असेच गहू. आबांनी फत्तेसिंग म्हटलं, आणि थेट रूपसिंग म्हटलं. "दारूड्यानी मूठ कानबाई लेस नही." हेमराज उंबऱ्यात बसला होता. तो काहीतरी बोलला. जीभ इतकी जड की कोणाला कळलं नाही. भुरीबाईला कळलं होतं. 'मी पेत नही, आबा.' ती दारामागे उभी होती. पोटच्या पोराला कडेवर घेऊन. तिला कळलं होतं आणि ती गप्प बसली होती. दोन महिन्यांनी तो गेला.

म्हाताऱ्यानं गव्हात हात घातला.

"आहो," रमीबाई दबक्या आवाजात म्हणाली, "गेल्यानी मूठ टाकतस नही. रीत शे."

"त्या वरीसले तो जित्ता व्हता," फत्तेसिंग म्हणाला. "त्या वरीसनी टाकस मी."

त्यानं मूठ वर काढली. हात कापत होता. म्हातारपणानं कापत होता की कशानं, आता या घरात कोणी पटकन सांगणार नव्हतं. बोटांच्या फटीतून दाणे गळत होते. तोंड उघडलं, पण नाव बाहेर येईना. दोनदा प्रयत्न केला. जीभ जड झाली होती.

"हेमराज," तो शेवटी म्हणाला. आणि मूठ सोडली.

दाणे बाकीच्या ढिगावर पडले आणि मिसळून गेले. मग तो पाव मूठ घ्यायला परत वाकला.

"थांबा, आबा."

भुरीबाई पुढे झाली. गहू बायका निवडतात, पण मूठ बाईनं टाकायची नसते या घरात. रमीबाईनं अडवलं नाही. रूपसिंगनं मान खाली घातली. भुरीबाईनं चार बोटांनी गहू उचलले, पाव मुठीएवढेच, जास्त नाही.

"मूठ तुमनी," ती म्हणाली. "पाव मन्हा."

आणि नवऱ्याच्या नावावर तिनं ते हळूच सोडले.